यजमानालाच पहिलं मानांकन कशासाठी? कॉलेज व्हॉलीबॉलचे ड्रॉ आणि यजमानपद

काणकोणकार (धागाकर्ता)

चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली, पाऊस ओसरला की गोव्यात कॉलेजांच्या निमंत्रित व्हॉलीबॉल स्पर्धा सुरू होतात, आणि त्यांच्या मागोमाग ड्रॉवरून कुरबुरीही. या कुरबुरी मैदानाबाहेरच्या चहाच्या गाड्यापर्यंत जातात आणि तिथेच विरतात. म्हणून यंदा नीट लिहून ठेवतोय.

यंदाच्या एका स्पर्धेत अकरा संघ होते, नॉकआऊट पद्धत. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण हे अनेक ठिकाणी होतं. यजमान संघाला पहिलं मानांकन (ड्रॉमधली सर्वांत वरची जागा), त्यामुळे पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळताच दुसरी फेरी. मी ज्या पोरांना संध्याकाळी शिकवतो ती पहाटे पाचला काणकोणच्या चावडीवरून निघाली. करमल घाट, मडगाव, पुढे कुठ्ठाळीची गर्दी. साडेनऊला पहिली मॅच, ती तिसऱ्या सेटपर्यंत गेली. जेमतेम जेवली आणि दीड वाजता पुन्हा कोर्टवर. समोर यजमान संघ, त्यांची त्या दिवसाची पहिलीच मॅच. तिसऱ्या सेटमध्ये आमच्या सेटरच्या (स्मॅशसाठी बॉल उचलून देणाऱ्याच्या) पोटरीत गोळा आला आणि १५-१२ने गेलो.

त्यांची पोरं चांगली खेळली, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण हाच संघ आदल्या वर्षी पहिल्या फेरीत बाहेर गेला होता. मग पहिलं मानांकन कशाच्या जोरावर? विचारलं तर उत्तर मिळालं, "यजमान आहेत ना, प्रथा आहे."

ही प्रथा कुठून आली, आणि ती असावी का, यावर मला तुमची मतं हवी आहेत.

रेवोडेकर

पूर्ण सहमत. ड्रॉ कधी काढला, कोणासमोर काढला, हे आम्हाला कधी कळलंच नाही. थेट व्हॉट्सॲपवर फोटो येतो.

शिट्टी

मी निवृत्त पीई (शारीरिक शिक्षण) शिक्षक. अशा अनेक स्पर्धांचे ड्रॉ माझ्या हातून गेलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बायचं गणित. अकरा संघ म्हणजे सोळाचा तक्ता, पाच बाय. वरच्या अर्ध्यात सहा संघ आणि दोन बाय, खालच्या अर्ध्यात पाच संघ आणि तीन बाय. पहिली बाय खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्या जागेला, दुसरी वरच्या अर्ध्यातल्या पहिल्या जागेला, तिसरी खालच्या अर्ध्यातल्या पहिल्या जागेला, चौथी वरच्या अर्ध्यातल्या शेवटच्या जागेला, पाचवी पुन्हा खालच्या अर्ध्यात. बी.पी.एड.च्या पहिल्या वर्षात हे घोटून घेतात. म्हणजे बाय कुठे पडणार हे आधीच ठरलेलं असतं, त्यात कोणाची मर्जी चालत नाही. मर्जी चालते ती त्या जागेवर कोणाला बसवायचं यात. मानांकित संघ सोडले तर ते चिठ्ठीनेच ठरलं पाहिजे. काणकोणकारांचा राग रास्त आहे तो इथेच.

आता दुसरी बाजू, कारण ती कोणी बोलत नाही. निमंत्रित स्पर्धा भरवायची तर पंचांचं मानधन आणि प्रवास, बॉल, नेट, चषक, सकाळची पातळभाजी-पाव, दुपारचं जेवण, ॲम्ब्युलन्सची सोय, सगळं यजमानाच्या खिशातून जातं. प्रवेश शुल्कात त्याचा थोडासाच भाग निघतो. पीई सर फाईल घेऊन प्राचार्यांकडे गेले की पहिला प्रश्न येतो, "आपला संघ कुठवर जाईल?" पहिल्या दिवशी अकरा वाजता यजमान संघ बाहेर पडला तर उरलेल्या दोन दिवसांत प्रेक्षकांत कोणी नसतं आणि पुढच्या वर्षी फाईल पुढे सरकत नाही. मानांकन हे असं यजमानपदाचं भाडं होऊन बसलं आहे. हे योग्य आहे असं मी म्हणत नाही. पण भाडं बंद करायचं तर खर्चाची दुसरी सोय लावावी लागेल, हे ध्यानात घ्या.

लिबेरो_फोंडा

सर, खर्चाचं पटलं. पण तो खर्च काणकोणच्या पोरांच्या पोटरीतून वसूल का व्हावा?

नागमोडी

नॉकआऊटमध्ये निदान डोळ्यांना दिसतं. गटवार पद्धतीत यजमानाला वर बसवल्यावर काय होतं ते कोणाच्या लक्षातच येत नाही, म्हणून कागदावर मांडून दाखवतो.

बारा संघ, चार गट, प्रत्येक गटात तीन, गटविजेताच उपांत्य फेरीत. ताकदीनुसार १ ते १२ क्रम आहे असं धरा. नागमोडी पद्धतीने (पहिले चार अ ते ड, पुढचे चार उलट ड ते अ, मग पुन्हा अ ते ड) वाटले तर अ गटात १, ८, ९. ब गटात २, ७, १०. क गटात ३, ६, ११. ड गटात ४, ५, १२. चारही गट साधारण सारखेच.

आता समजा यजमान संघ ताकदीने सातवा आहे, पण प्रथेप्रमाणे त्याला अ गटात पहिल्या जागी बसवलं. त्याच्या वरचे सहाही संघ एकेक जागा खाली सरकतात. पुन्हा वाटून पाहा. अ गटात येतात ७, ८, ९. ब गटात १, ६, १०. क गटात २, ५, ११. आणि ड गटात ३, ४, १२.

बघा काय झालं. सातव्या ताकदीच्या संघाला उपांत्य फेरीसाठी फक्त आठव्या आणि नवव्याला हरवायचंय. उलट खरा तिसरा आणि खरा चौथा एकाच गटात अडकले, त्यांतला एक गटातच घरी जाणार. यजमानाला दिलेल्या सवलतीची किंमत एक नंबरचा संघ देत नाही, दोन नंबरचाही देत नाही. ती भरतात तीन आणि चार. वर्षभर घाम गाळून ज्यांची यंदा उपांत्य फेरीची पहिली संधी असते, तेच हे संघ असतात. मोठ्या कॉलेजांना याची झळ बसत नाही, म्हणून बैठकीत आवाज उठत नाही.

ही प्रथा आपल्याकडची नव्हे, हेही सांगतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या अ गटात पहिली जागा यजमान जपानची होती, बाकीचे संघ जागतिक क्रमवारीप्रमाणे नागमोडी बसवले. अ गटात जपान, पोलंड, इटली, कॅनडा, इराण, व्हेनेझुएला. ब गटात ब्राझील, अमेरिका, रशियाचा संघ, अर्जेंटिना, फ्रान्स, ट्युनिशिया. उपांत्य फेरीत पोचलेले चारही संघ ब गटातले निघाले. सुवर्ण फ्रान्सला, जो गटात चौथा होता. आणि अमेरिकेसारखा संघ गटात पाचवा राहून बाहेर. तिथे गटात सहा संघ आणि चार पुढे जात होते, म्हणून फ्रान्स वाचला. आपल्याकडे गटातून एकच पुढे जातो. चुकीला जागाच उरत नाही.

यजमान_स्वयंसेवक

मी अशाच एका यजमान कॉलेजात शिकतो. आदल्या रात्री उशिरापर्यंत आम्ही मैदानावर पाणी मारलं, खडे वेचले, रोलर फिरवला, चुन्याच्या रेषा मारल्या. सकाळी सातला पुन्हा हजर. आमच्या संघातली पोरंही त्यात होती. खेळाडू म्हणून त्यांना आदल्या रात्री झोप मिळाली नाही, त्याचा हिशोब कोण धरतो? बाय मिळाली तर तेवढा वेळ ती पोरं निदान बसली तरी. घरच्या मैदानाचा फायदा म्हणून सगळे आमच्याकडे बोट दाखवतात, ते मनाला लागतं.

काणकोणकार

स्वयंसेवक भाऊ, तुमच्या कष्टांबद्दल मनापासून आदर आहे. आमच्या पोरांनी ते मैदान पाहून कौतुकच केलं होतं. तुम्ही म्हणता त्यावर उपाय आहे: खेळाडूंना आयोजनाच्या कामातून मोकळं ठेवणं. ते काम बाकीच्या विद्यार्थ्यांचं, एनएसएसचं. खेळाडू रात्री रोलर ओढतोय म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला बाय द्यायची, यात तुमच्या खेळाडूवरही अन्याय आहे आणि आमच्याही.

लाइन्समन

ड्रॉपेक्षा जागेचा मुद्दा मला जास्त टोचतो, कारण तो कागदावर येतच नाही.

नियमाप्रमाणे कोर्टभोवती किमान तीन मीटर मोकळी जागा हवी आणि वर किमान सात मीटर उंची. आपल्याकडच्या काही कॉलेजांचे हॉल मुळात सभागृह म्हणून बांधलेले. वर लोखंडी तुळया, पंखे. बॉल तुळईला लागला की आऊट, नियम स्पष्ट आहे. पण यजमानाच्या सेटरला पक्कं माहीत असतं की चार नंबरच्या (नेटजवळ डावीकडच्या) बाजूची तुळई खाली आहे, तिथे लिफ्ट चपटी द्यायची. पाहुण्यांच्या सेटरला हे कळेपर्यंत पहिल्या सेटमधले चार-पाच पॉइंट गेलेले असतात. मी रेषेवर उभा राहून हे पाहिलंय. पाहुण्या संघाचा मुलगा पास झकास देतो, सेटर सवयीने उंच लिफ्ट देतो, वर ठण्ण आवाज होतो आणि सगळा संघ छताकडे बघत राहतो. खाली डोकं घालून परत येणारा तो सेटर पुढची लिफ्ट घाबरतच देतो.

मातीच्या मैदानाचं वेगळं. कोर्ट पूर्व-पश्चिम आखलं असेल तर सकाळच्या मॅचमध्ये एका बाजूच्या रिसीव्हरच्या डोळ्यांत थेट सूर्य. बाजू बदलतात, निर्णायक सेटमध्ये आठ पॉइंटांवर पुन्हा बदलतात, त्यामुळे ते बरंचसं समान होतं. उंचीचं मात्र तसं होत नाही, कारण तुळई दोन्ही बाजूंना असली तरी तिची सवय एकाच संघाला असते.

आणखी एक. मुख्य पंच आणि दुसरे पंच बाहेरून येतात, पण रेषेवर झेंडे धरून उभे राहतात ते बहुतेक वेळा यजमान कॉलेजचे विद्यार्थी. ती पोरं प्रामाणिक असतात, मी त्यांना शिकवतो. पण स्वतःच्या वर्गमित्राचा स्मॅश रेषेच्या बोटभर बाहेर पडला की झेंडा वर जायला अर्धा क्षण उशीर होतो. अशा कात्रीत त्या मुलाला उभं करणंच चूक. यजमानाच्या मॅचला झेंडे दुसऱ्या कॉलेजच्या मुलांकडे द्या. यात एक पैसाही खर्च नाही.

रेवोडेकर

आणि पावसाळ्याचं? ज्यांच्याकडे हॉल आहे ते जून ते सप्टेंबर सराव करतात. आमच्या मातीवर तेव्हा चिखल. हंगामाच्या पहिल्याच स्पर्धेत मानांकन कशाचं पाहता?

बार्देशकार_परदेशी

मी सध्या अमेरिकेत. इथलं कॉलेज व्हॉलीबॉल जवळून बघतो, विशेषतः मुलींचं. लोकप्रियता सांगायची तर ३० ऑगस्ट २०२३ला नेब्रास्का विद्यापीठाने फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मॅच ठेवली, ९२,००३ प्रेक्षक आले.

मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या पहिल्या विभागात, ६४ संघ असतात. २०२२पासून त्यांतल्या ३२ संघांना मानांकन मिळतं, आधी फक्त १६ना मिळायचं. इथे यजमानपद आणि मानांकन जोडलेलंच आहे, पण उलट्या दिशेने. आधी मानांकन ठरतं, आणि ज्यांचं मानांकन वरचं त्या पहिल्या सोळा संघांना सुरुवातीच्या दोन फेऱ्या आपल्या मैदानावर भरवायची संधी मिळते. म्हणजे घरचं मैदान कमवावं लागतं. आपल्याकडे मैदान आहे म्हणून मानांकन मिळतं.

तरी इथेही भांडणं भरपूर. मानांकनासाठी बरीच वर्षं आरपीआय नावाचा आकडा वापरला. त्यात स्वतःच्या विजयाच्या टक्केवारीला २५ टक्के वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीला ५० आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना २५. लोक म्हणतात, यात तुम्ही कसे खेळलात यापेक्षा कोणाशी खेळलात यालाच जास्त भाव. दुसरं भांडण प्रवासाचं. चारशे मैलांच्या आतले संघ बसने येऊ शकतात, त्यापलीकडच्यांना विमानाने आणावं लागतं. खर्च वाचवायला समिती जवळजवळचे संघ एकत्र टाकते, आणि एकाच भागातले दोन तगडे संघ लवकर एकमेकांवर आदळतात.

शेवटची चार संघांची फेरी मात्र आधीच ठरलेल्या शहरात होते. २०२४ला ते शहर लुईव्हिल होतं आणि लुईव्हिलचाच संघ अंतिम फेरीत पोचला. पण तिथवर तो जिंकत जिंकत आला होता, ड्रॉमध्ये कोणी त्याला हात दिला नव्हता. घरच्या गर्दीसमोर पेन स्टेटने त्याला ३-१ने हरवलं. तेव्हा घरच्या मैदानाविरुद्ध माझी तक्रार नाही. गर्दी, ओरडा, ओळखीची जमीन हे खेळाचाच भाग आहे. फक्त ते कागदावरच्या जागेत मिसळू नका.

शिरोड्याची_आई

माझी मुलगी कॉलेज संघात ब्लॉकर आहे. तुम्ही सगळे मुलांच्या स्पर्धांबद्दल लिहिताय, तेव्हा मुलींचंही ऐका.

मुलींच्या स्पर्धेला संघ कमी, सहा किंवा सात. म्हणून सगळं एका दिवसात उरकतात. सात संघ असले तर एकच बाय असते, आणि ती कोणाला जाते हे आता तुम्हाला ठाऊकच आहे. उरलेल्यांना अंतिम फेरीपर्यंत एका दिवसात तीन मॅच. मुलांच्या मॅच मुख्य कोर्टवर, मुलींच्या मागच्या, जिथे नेट २.२४ मीटरवर आणायला कोणाला वेळ नसतो. सकाळी मुलांसाठी २.४३वर बांधलेलं नेट तसंच ठेवून मुलींचा सराव चालू केलेला मी पाहिलाय. कपडे बदलायला बंद खोली नव्हती, मुलींनी आलटून पालटून ओढणी धरली.

यजमानपद देताना कोणी हे विचारतं का? कोर्ट किती, हॉल आहे का, एवढंच विचारतात. मुलींसाठी स्वच्छतागृह आणि खोली नसेल तर त्या कॉलेजला मुलींची स्पर्धा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर सांगे-केप्याकडे परत जाणाऱ्या मुलींची मॅच शेवटी ठेवू नये.

लिबेरो_फोंडा

ताई, अगदी खरं. धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद.

यजमान_स्वयंसेवक

शिरोड्याच्या काकी, नेटचं आमच्याकडेही झालंय. पुढच्या वेळी मी स्वतः पट्टी घेऊन उभा राहीन.

मडगाव_एक्स्प्रेस

माझं मत थोडं वेगळं. मानांकनच नको. सगळे संघ चिठ्ठीवर. ना यजमान, ना गतविजेता. तक्रारीला जागाच नाही.

शिट्टी

तसं केलं तर दोन सर्वांत तगडे संघ पहिल्याच फेरीत भिडू शकतात. अंतिम सामना एकतर्फी होतो आणि उपविजेतेपद नशिबाने मिळतं. मानांकनाचा हेतू चांगलाच आहे. मात्र त्यासाठी माहिती हवी, आणि कॉलेजच्या खेळात माहिती फार लवकर शिळी होते. तिसऱ्या वर्षाची पोरं पदवी घेऊन गेली की गतविजेत्या संघातले चार जण नसतात. म्हणून माझं म्हणणं, दोनच मानांकनं ठेवा. गेल्या वर्षीचा विजेता आणि उपविजेता, एक वरच्या टोकाला, एक खालच्या. बाकी सगळे चिठ्ठीवर, यजमानही. आठ-आठ मानांकनं द्यायची म्हणजे जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक आहे असं भासवणं.

नागमोडी

दोन मानांकनांना माझा पाठिंबा. आणखी एक पर्याय सुचवतो. उत्तर आणि दक्षिण गोव्याची आधी वेगवेगळी साखळी खेळवा, आपापल्या भागात, कमी खर्चात. त्या निकालावर अंतिम टप्प्याचं मानांकन ठरवा. मग आकडे त्याच हंगामाचे असतील. विद्यापीठांच्या स्पर्धांतही आधी विभाग खेळतात आणि प्रत्येक विभागातले पहिले चार आंतरविभागीयला जातात. आपण तेच लहान प्रमाणावर करू शकतो. साखळीत बरोबरी झाली तर आधी जिंकलेल्या मॅच, मग गुण, मग सेटचं गुणोत्तर, मग पॉइंटांचं. ३-० किंवा ३-१ला तीन गुण, ३-२ला दोन आणि हरणाऱ्याला एक, हे आंतरराष्ट्रीय नियमातलं आहे. तीनपैकी दोन सेटच्या मॅच असतील तर २-० आणि २-१ला तसंच लावा, पण स्पर्धेआधी लिहून द्या.

रेवोडेकर

साखळी उत्तम. पण पीई सरांना तेवढे दिवस सुटी कोण देणार? परीक्षा असतात.

काणकोणकार

साखळीचा विचार पुढच्या वर्षासाठी ठेवू. यंदा जे बिनखर्चाचं आहे ते तरी मागू. वरच्या प्रतिसादांवरून मसुदा केलाय, वाचून सांगा:

"निमंत्रित स्पर्धेत गतवर्षीचा विजेता व उपविजेता यांनाच मानांकन द्यावे. यजमान संघास यजमान म्हणून मानांकन किंवा बाय देऊ नये. ड्रॉ सहभागी संघांच्या प्रतिनिधींसमोर चिठ्ठ्या टाकून काढावा व त्याच दिवशी सर्वांना पाठवावा. चाळीस किलोमीटरपेक्षा दूरच्या संघाची पहिली मॅच सकाळी अकराच्या आत ठेवू नये, आणि एका संघाच्या दोन मॅचमध्ये किमान तीन तासांचे अंतर असावे. यजमान संघाच्या मॅचला लाइन्समन अन्य महाविद्यालयाचे असावेत. पाहुण्या संघांस स्पर्धेच्या हॉलमध्ये किमान वीस मिनिटांचा सराव मिळावा."

शिट्टी

चांगला आहे. खर्चाची बाजूही घाला, नाहीतर प्राचार्य पहिल्याच ओळीला अडतील. "पंचांचे मानधन सहभागी महाविद्यालयांनी समान वाटून घ्यावे" एवढं वाक्य पुरे. मानांकन सोडायला सांगताना यजमानाच्या खांद्यावरचं ओझंही थोडं उचललं पाहिजे.

लाइन्समन

सरावाचा मुद्दा घातलात, आभार. देव बरें करूं. ड्रॉ काढणाऱ्या समितीत यजमान संघाचे प्रशिक्षक नसावेत, हेही लिहा. बहुतेक ठिकाणी पीई सर हेच आयोजक, हेच प्रशिक्षक आणि हेच तांत्रिक समिती असतात.

यजमान_स्वयंसेवक

"यजमान संघाच्या खेळाडूंना आयोजनाचे काम देऊ नये" हे घालाल का? तेवढं झालं तर आमच्या पोरांची बायबद्दल काही तक्रार राहणार नाही.

शिरोड्याची_आई

आणि सुरुवातीलाच "पुरुष व महिला दोन्ही गटांसाठी" असं ठळक लिहा. नेटची उंची आणि मुलींसाठी बंद खोली हे मुद्दे मागे टाकू नका.

काणकोणकार

चारही दुरुस्त्या घातल्या. मुलींच्या सोयीचा मुद्दा दुसऱ्या क्रमांकावर घेतलाय. सोमवारी आमच्या पीई सरांकडे छापील प्रत देतो. बाकीच्यांनी आपापल्या कॉलेजात द्यायची असेल तर इथूनच मजकूर उचला, माझं नाव घालायची गरज नाही. पेडणे आणि सत्तरीकडचं कोणी वाचत असेल तर तिथल्या कॉलेजांत मसुदा पोचवायला मदत हवी आहे.